न विकण्याची किंमत

14 डिसेंबर 1977 ही तारीख असलेलं एक पत्र आहे. सोलर प्रॉडक्शन्स या चित्रपटसंस्थेच्या छापील कागदावरचं, जेमतेम चार-पाच वाक्यांचं. लिहिणारा हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीन. ज्याला लिहिलं तो न्यू जर्सीतला रॉबर्ट कीर्नन, ज्याचं नाव तेव्हा त्याच्या गल्लीबाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. विषय एकच: तुमच्याकडची 1968ची मस्टँग मला द्या. पत्र फुकट गेलं, गाडी काही मिळाली नाही. बेचाळीस वर्षांनी त्याच गाडीचा लिलाव झाला तेव्हा हातोडा 34 लाख डॉलरवर पडला. या आकड्याचं मर्म मला लिलावाच्या गलक्यापेक्षा त्या फसलेल्या पत्रात जास्त सापडतं.

पत्र वाचण्याआधी गाडीची ओळख हवी. 1968च्या ऑक्टोबरात पीटर येट्स दिग्दर्शित ‘बुलिट’ प्रदर्शित झाला. कथा यथातथाच, दोनदा पाहूनही कोण कुणाच्या मागे का लागलंय ते मला नीट सांगता येणार नाही. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा जवळपास अकरा मिनिटांचा मोटारींचा पाठलाग पाहिलेला माणूस तो विसरत नाही. पुढे काळी डॉज चार्जर, मागे डिटेक्टिव्ह झालेल्या मॅक्वीनची गडद हिरवी फोर्ड मस्टँग. सुरुवातीला दोन्ही गाड्या एकमेकींचा अंदाज घेत असतात तोवर लालो शिफ्रिनचं संगीत हळूहळू चढत राहतं. मग चार्जरचा चालक सीटबेल्ट लावतो, टायर किंचाळतात, आणि नेमक्या त्या क्षणी संगीत थांबतं. पुढे फक्त इंजिनं. 390 घनइंचाच्या, म्हणजे 6.4 लिटरच्या, व्ही-8 इंजिनाची ती घरघर हेच मग पार्श्वसंगीत होतं.

या पाठलागात चुका भरपूर आहेत. एकच हिरवी फोक्सवॅगन बीटल पुन्हा पुन्हा मागे टाकली जाते. चार्जरच्या चार चाकांवरून चारांहून जास्त व्हीलकॅप उडतात. एका वळणावर तर मॅक्वीनचा ब्रेकचा अंदाज साफ चुकतो, गाडी पुढे निघून जाते, टायरांतून धूर निघतो, आणि गडी रिव्हर्स टाकून मागे येतो. दुसऱ्या कुणी तो तुकडा कापून टाकला असता. संकलक फ्रँक केलरने तो ठेवला, आणि त्या वर्षीचं संकलनाचं ऑस्करही त्यालाच मिळालं. चुकलेलं वळण ठेवल्यामुळे बाकीची वळणं खरी वाटतात. हा न्याय लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे गाडीच्या किमतीलाही तोच लागू झाला.

खुद्द गाडीशीही सिनेमावाल्यांनी एक खेळ केला होता. समोरच्या जाळीवरचा मस्टँगचा धावता घोडा काढला, जीटीची अक्षरं काढली, जाळी काळी केली, आणि कंपनीची चाकं उतरवून अमेरिकन रेसिंगची टॉर्क थ्रस्ट चाकं घातली. गाडीवरून तिचं नावच पुसून टाकलं. जाणकार तिला मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाची मोठी गाडी, म्हणायलाही कुरकुरतात. त्यांच्या वर्गवारीत मस्टँग ही त्याहून आटोपशीर ‘पोनी कार’. बाजाराला असल्या सोवळ्याशी देणंघेणं नसतं.

आता पत्र. सुरुवातीलाच ‘पुन्हा एकदा’ आहे. म्हणजे विचारणा आधी झालेली आहे आणि नकारही पचवून झालेला आहे. मग गाडीचा उल्लेख ‘माझी’ मस्टँग असा. कागदोपत्री तेव्हा ती कीर्ननची होती, पण पडद्यावर जिच्या स्टिअरिंगमागे अख्ख्या जगाने आपल्याला पाहिलं ती गाडी दुसऱ्याची कशी, हा त्या सर्वनामातला हट्ट. त्यानंतर पत्राचा गाभा येतो. ही गाडी त्याला घरातच राहायला हवी आहे, आणि तीही सिनेमात होती तशीच, नव्याने उभी न केलेली. यामागचं कारण केवळ वैयक्तिक आहे, असंही तो जोडून टाकतो.

1977 साली असं लिहिणं साधी गोष्ट नव्हती. जुनी गाडी म्हणजे पत्रा ठोकून, रंग मारून, क्रोम चकाकवून नवीसारखी करायची वस्तू, हीच तेव्हाची समजूत. आपल्याकडे तर आजही गाडी विकायला काढली की आधी डेंटिंग-पेंटिंग, मग गिऱ्हाईक. ओरखड्यासकट, गंजासकट गाडी जास्त मोलाची असू शकते हे संग्राहकांच्या बाजाराला उमगायला पुढची काही दशकं जावी लागली. मॅक्वीनला ते तेव्हाच कळलं होतं. पत्रातलं हे एक वाक्य म्हणजे त्या गाडीचं पहिलं खरं मूल्यांकन, आणि तेही ती विकत घेऊ पाहणाऱ्याच्याच तोंडून.

लगेच पुढच्या वाक्यात मात्र तो गडबडतो. बदल्यात काय? तुमच्याकडे आहे तशीच दुसरी मस्टँग शोधून देतो, फार पैसे पडणार नसतील तर. म्हणजे स्वतःला हवी तेव्हा ती गाडी जगात एकच, आणि मोबदला द्यायचा झाला की ती बाजारातल्या हजारांसारखी एक! दोन लागोपाठच्या वाक्यांत एकाच वस्तूच्या दोन किमती. घेणाऱ्याचं हे दुटप्पीपण मानवी आहे, मला ते आवडतंही. पण विकणाऱ्याने ते हेरलं की सौदा संपला. शेवटी तो लिहितो की नाहीतर हा विषय आपण सोडूनच देऊ. मंडईत भाव पटला नाही की दोन पावलं पुढे जाणारं गिऱ्हाईक जसं मागून हाक येण्याची वाट पाहत असतं, तशी या वाक्याची चाल आहे.

कीर्ननने हाक मारली नाही.

कीर्नन काही व्यापारी डोक्याने अडून बसला नव्हता. त्याने ही गाडी 1974 साली ‘रोड अँड ट्रॅक’ मासिकातल्या जाहिरातीवरून 6,000 डॉलरला घेतली होती. आजच्या नजरेला ही रक्कम किरकोळ दिसते, पण त्या वर्षीच्या चौकटीत ती बसवून पाहा. 1973च्या तेलसंकटाने पेट्रोलपंपांवर रांगा लावलेल्या. फोर्डची नवी कोरी, लहानखुरी मस्टँग सुमारे तीन हजार डॉलरपासून मिळत होती. अशा वर्षी सहा वर्षं जुन्या, पेट्रोल ढोसणाऱ्या गाडीला नवीच्या दुप्पट दाम मोजणं म्हणजे सिनेमाची किंमत मोजणं. आधीचा मालक न्यू जर्सीतला पोलीस डिटेक्टिव्ह होता. पडद्यावरच्या डिटेक्टिव्हची गाडी खऱ्या डिटेक्टिव्हने काही वर्षं वापरावी, हा योगायोग पटकथाकाराने लिहिला असता तर दिग्दर्शकाने खोडला असता.

मग गाडी घरची झाली, अगदी शब्दशः. कीर्ननची बायको शिक्षिका होती. ती या गाडीने शाळेत जायची. अमेरिकेतल्या कितीतरी तरुणांनी भिंतीवर जिचं पोस्टर लावलं ती गाडी सकाळी शाळेच्या आवारात उभी असायची. 1980 साली क्लच गेला. ओडोमीटरवर तेव्हा सुमारे 65,000 मैल होते. गाडी उभी केली, नंतर बघू म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरात मॅक्वीन गेला, पन्नासाव्या वर्षी. ‘नंतर बघू’चं पुढे काय होतं हे कुणाला सांगायला नको. कुटुंबाने गावं बदलली, गाडी सोबत फिरत राहिली, आणि घरातल्यांनी तिच्याबद्दल बाहेर चकार शब्द काढला नाही. ती कुठे आहे याबद्दल चाहत्यांमध्ये नाना वदंता. मॅक्वीनला गाडी घरात ठेवायची होती; ती घरातच राहिली, फक्त घर दुसऱ्याचं.

2014 साली रॉबर्ट वारला. मुलगा शॉन याने गाडी चालती केली, पण नवी केली नाही. जानेवारी 2018 मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. पडद्यावरची चमकती हिरवी मस्टँग मनात धरून आलेल्यांना समोर दिसली ती विटलेल्या रंगाची, गंज धरलेली, पोचे आलेली गाडी. पण वाकून पाहिलं तर दारांखालच्या पट्टीला कॅमेरा बसवण्यासाठी वेल्ड केलेले नळीचे तुकडे तसेच होते. एखाद्या हौशी मेकॅनिकने ते कधीच घासून साफ केले असते, आणि वर चांगलं काम केल्याचे पैसेही घेतले असते.

अशा गाडीच्या व्यवहारात सगळ्यात बारकाईने वाचला जातो तो चासी नंबर. या गाडीचा 8आर02एस125559. नुसती अक्षरं-आकडे वाटतात, पण उलगडायला बसलं की प्रत्येक खूण बोलते. 8 म्हणजे 1968चं मॉडेल. आर म्हणजे कॅलिफोर्नियातला सॅन होझेचा कारखाना. 02 म्हणजे मागे उतरत्या छपराची फास्टबॅक. एस म्हणजे 390चं जीटी इंजिन. आणि उरला तो क्रमांक: 125559. सिनेमासाठी लागोपाठ क्रमांकाच्या दोन गाड्या घेतल्या होत्या. 125558 उड्या मारण्याच्या कामाची. तिचे इतके हाल झाले की ती संपली असंच सगळे धरून चालले होते. 2017च्या सुमारास तिचा सांगाडा मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्नियात सापडला. भाऊबंद सापडला की वाटणी होते आणि किंमत पडते, असा साधा हिशेब. इथे उलट झालं. एका क्रमांकाने दुसऱ्याची साक्ष दिली.

दुर्मीळपणाचा हिशेबही इथे उलटाच लागतो. 1971च्या प्लिमथ हेमी ’कूडा कन्व्हर्टिबल फक्त 11 निघाल्या. त्यातली एक 2014 साली 35 लाख डॉलरला गेली. तिथे मोल संख्येचं. 1968च्या मस्टँग तीन लाखांहून जास्त निघाल्या, त्यात फास्टबॅकच चाळीस हजारांवर. संख्येने पाहिलं तर ही गाडी गर्दीतली. तिच्यासारख्या खूप आहेत, ती मात्र एकच. मॅक्वीनच्या पत्रातली दोन वाक्यं हेच तर म्हणत होती, नकळत.

10 जानेवारी 2020. फ्लोरिडातलं किसिमी, मेकम कंपनीचा लिलाव. या विक्रीतला मला सर्वांत देखणा वाटणारा निर्णय असा की राखीव किंमत ठेवलेली नव्हती. बँकांच्या जप्तीच्या नोटिसा वाचणाऱ्यांना हा शब्द परिचयाचा: त्याखाली बोली गेली तर माल परत. ती नाही म्हणजे शेवटची बोली जी असेल ती मान्य, मग ती कितीही असो. ज्या घराने सेहेचाळीस वर्षं गाडी सोडली नाही, सिनेमाच्या नायकालाही दाद दिली नाही, त्याने विकायचं ठरवल्यावर खाली जाळीसुद्धा धरली नाही. उतावीळपणा वाटेल, पण त्यात मोठी समज आहे. राखीव किंमत असली की सभागृहातला प्रत्येक जण आधी मालकाच्या मनातला आकडा चाचपत बसतो. ती नाही म्हटल्यावर समोरच्या गाडीशिवाय चाचपायला काही उरत नाही. पुढच्याच वर्षी मेकमच्याच इंडियानापोलिसच्या लिलावात एका हेमी ’कूडा कन्व्हर्टिबलला 48 लाख डॉलरपर्यंत बोली गेली, मालकाचा आकडा त्याहून वर होता, आणि गाडी न विकता परत गेली. आकड्याने मोठी, पण विक्री म्हणून फसलेली.

मस्टँगसाठी एकवार, दोनवार करत हातोडा पडला तो 34 लाखांवर. लिलाववाल्यांचं दहा टक्के कमिशन धरून 37 लाख 40 हजार डॉलर. तोवर लिलावात कुठल्याही मस्टँगला मिळालेली ही सर्वांत मोठी रक्कम. कीर्ननने दिलेले सहा हजार महागाईच्या हिशेबाने फुगवले तरी तीस-बत्तीस हजारांच्या पुढे जात नाहीत. उरलेला आकडा कशाचा, ते शोधायला बसलं की हाताला लागतात त्या न केलेल्या गोष्टी: गाडीला रंग मारला नाही, वेल्डचे तुकडे घासले नाहीत, आणि नटाला गाडी दिली नाही.

मॅक्वीनचं पत्र या सगळ्या कागदपत्रांत मानाने मिरवलं. भाव पाडायला लिहिलेला कागदच गाडीच्या खरेपणाचा सर्वांत वजनदार पुरावा ठरला. कारण नकली गाडीसाठी दुसऱ्यांदा विनवणी करायला मॅक्वीन कशाला येईल? त्याने सौद्यासाठी जे मुद्दे मांडले ते अखेर समोरच्याच्या बाजूने उभे राहिले. पत्रात किमतीचा एकही आकडा नसताना.

एका गोष्टीत मात्र ही विक्री मला कोरडी वाटते. विकत घेणाऱ्याचं नाव त्या दिवशी जाहीर झालं नाही. पैसेवाल्यांची ही रीतच आहे आणि त्यात गैर काही नाही. पण मॅक्वीनला निदान पत्त्यावर कीर्ननचं नाव घालता आलं होतं. तशी दुसरी मस्टँग बदल्यात शोधून देतो असं त्या दिवशी कुणाला लिहायचं झालं असतं, तर पाकीट कुठे टाकायचं हाच प्रश्न होता.