फाकडा शत्रू

पुण्याहून खंडाळ्याच्या घाटाकडे जाताना वडगाव लागते. तेथे एका इंग्रज कप्तानाची समाधी आहे. जेम्स स्टुअर्ट हे त्याचे नाव. राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवायला मुंबईहून जी फौज निघाली, तिच्यात तो होता. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ मराठ्यांचा तोफगोळा लागून तो मेला. पुढे पंधरा दिवसांच्या आत त्या फौजेने वडगावला हात टेकले आणि तह केला. म्हणजे हा माणूस आपला उघड शत्रू, आणि आपल्याच तोफेने मारलेला. तरीही मराठी फौजेने त्याचे नाव ठेवले 'इष्टूर फाकडा', आणि पुढच्या पिढ्यांनी त्याच्या समाधीला हात जोडले. फाकडा हा शब्द काही वाटेवर पडलेला नव्हता. मानाजी शिंद्यासारख्या आपल्या बेडर सरदाराला जो शब्द लावायचा, तोच या परक्याला लावला.

ही गोष्ट वाचली की मला नेहमी आपल्या ऐतिहासिक कादंबरीची आठवण होते, आणि थोडा संकोच वाटतो. कारण मीही त्याच धंद्यातला. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ साली पुरी झाली. तेव्हापासून आपण गड चढलो, खिंडी लढवल्या, तलवारींचे खणखणाट पानोपानी केले. पण शत्रूच्या शिपायाला फाकडा म्हणण्याचे धाडस आपल्या हातून क्वचितच झाले. लढणाऱ्या शिपायांना जे सहज साधले, ते दिव्याखाली बसून लिहिणाऱ्यांना का साधू नये?

बखरकारांना ते साधले होते. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला, राजाराममहाराजांच्या आज्ञेने बखर लिहिली. तिच्यातला पुरंदरचा प्रसंग पाहा. साल १६६५. मुरारबाजी सातशे निवडक माणसे घेऊन गडाखाली उतरतो आणि पठाणांची फळी कापीत थेट दिलेरखानाच्या रोखाने येतो. खान ते पाहतो आणि त्याच्यातला शिपाई जागा होतो. तो मुरारबाजीला कौल देऊ करतो, तू मर्दाना आहेस, तुला नावाजतो, अशा अर्थाचे बोलतो. मुरारबाजी तो कौल झिडकारतो आणि पुढेच येतो. मग खान स्वतः कमान हातात घेतो आणि तीर सोडून त्याला पाडतो. पाडल्यावर पुन्हा त्याचेच नवल करतो. आणि लगेच डोक्यावरची पगडी उतरवून, गड घेईन तेव्हाच ती बांधीन, अशी प्रतिज्ञा करतो.

चार-सहा वाक्यांत सारे आटोपते. सभासद महाराजांच्या पदरचा माणूस. दिलेरखान त्याच्या धन्याचा वैरी. तरी खानाच्या तोंडी कौतुक घालताना त्याची लेखणी अडखळली नाही, आणि कौतुक करणाऱ्या हातात कमान देतानाही अडखळली नाही.

हा प्रसंग मी वर्गात सांगतो तेव्हा एखादा मुलगा हमखास विचारतो, "गुरुजी, खानाले तो आवडला होता, तर मारला कायले?" एकदा मी उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरून दुसऱ्याने सांगून टाकले, "तो थांबत नव्हता ना!" मोठमोठ्या समीक्षा-लेखांत इतके नेमके वाक्य मला सापडलेले नाही. शत्रूविषयीचा आदर म्हणजे शत्रुत्व संपणे, असा एक गैरसमज आहे. दिलेरखानाचा आदर खरा आणि तीरही खरा. एक दुसऱ्याला खोटे पाडत नाही. शरशय्येवर पडलेल्या भीष्मांना उशी हवी होती तेव्हा मऊ उशा घेऊन राजेलोक धावले. पण बाणांची उशी दिली अर्जुनाने, ज्याच्या बाणांनी ते पडले होते त्यानेच. कीर्तनात हा भाग आला की आजही मंडपातली माणसे डोळे पुसतात. उशी दिल्यावर अर्जुनाने गांडीव खाली ठेवले, असे मात्र कोणी सांगत नाही.

आता हरिभाऊ आपट्यांकडे येऊ. 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी ज्या मराठी घरात कधी वाचली गेली नाही, असे घर विरळा. तानाजी आणि उदयभानू एकमेकांच्या हातून पडले, ही सभासदाची हकीगत. तो दोघांनाही एकाच दमात थोर योद्धे म्हणतो; मरताना दोघांना एका मापाने मोजतो. हरिभाऊंनी मात्र मध्ये कमलकुमारी आणली. सती जायला निघालेल्या या रजपूत स्त्रीला उदयभानू पळवतो आणि कोंढाण्यावर आणून ठेवतो. झाले, उदयभानूचा शिपाई संपला आणि दुष्ट तेवढा उरला. कड्यावरची ती रात्र वाचताना आपला श्वास अडकतो, हे हरिभाऊंचे सामर्थ्य आहेच. पण श्वास अडकतो तो कमलकुमारीचे काय होईल म्हणून. दोन तोलामोलाचे मर्द समोरासमोर आले, याची धग त्यात निम्मी होते. तानाजीही त्यामुळे थोडा लहान होतो. लंपटाला मारायला सिंह कशाला लागतो?

हरिभाऊंवर स्कॉटची छाया होती, असे नेहमी म्हणतात. मग स्कॉटचीच 'टॅलिस्मन' (१८२५) पाहावी. एक ख्रिस्ती सरदार आणि एक सारासेन वाळवंटात एकमेकांवर तुटून पडतात, झुंज बरोबरीची होते, आणि मग दोघे एकाच झऱ्यावर पाणी पितात, शेजारी बसून शिदोरी सोडतात. पुढे सलादिन वैद्याच्या वेषात येऊन आपल्या वैऱ्याला, राजा रिचर्डला, औषध देतो. आपण स्कॉटकडून संकटातली सुंदरी उचलली आणि झरा तिथेच सोडून आलो. अर्थात स्कॉट जेत्यांच्या मुलखात, धर्मयुद्धे संपल्यावर पाचशेहून अधिक वर्षांनी लिहीत होता. हरिभाऊ गुलाम देशात लिहीत होते. ज्या समाजाची मान खाली गेलेली आहे त्याला आधी स्वतःचा नायक हवा असतो. ते मी समजू शकतो. पण १९४७ नंतरही ती सवय सुटली नाही, याला कोणती सबब द्यावी?

रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ सालची. तिच्यात शत्रूविषयीचे मार्दव आहे, अगदी ओतप्रोत आहे. पण माधवरावांचा तो शत्रू त्यांचाच काका. आळेगावला पुतण्या काकांच्या छावणीत जातो तेव्हा आपले डोळे भरतात ते रक्ताच्या नात्यामुळे. खरी कसोटी परक्यापाशी लागते. ना. सं. इनामदारांनी 'शहेनशहा'मध्ये औरंगजेबालाच मधोमध बसवले. ते धैर्य मी मोठे मानतो. अलीकडे मात्र उलट खोड लागते आहे. दोन शत्रू भेटतात, दोन पाने माणुसकीवर बोलतात आणि गळ्यात पडून रडतात. हे त्याहून वाईट. सभासदाचा खान असे भाषण ऐकून हसला असता.

पानिपतच्या संध्याकाळची हकीगत सुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवली आहे. १४ जानेवारी १७६१. विश्वासरावाचे प्रेत आब्दालीच्या छावणीत आणले. ते देखणे रूप पाहून अफगाण शिपाई गोळा झाले. त्याच शिपायांनी मग हट्ट धरला, की प्रेतात भुसा भरून ते काबूलला न्यावे. सुजाने रदबदली केली, की वैर माणूस जिवंत असेपर्यंतच असते. आणि हिंदू रीतीने त्याचे दहन करवले. इब्राहिमखान गारद्यालाही त्याने लपवून वाचवू पाहिले; तेथे मात्र त्याचे चालले नाही. हा सुजा त्याच दिवशी आपल्याविरुद्ध उभा होता, हे विसरू नये. बारभाईंच्या कारस्थानांवर आपण ग्रंथ भरले आहेत. सुजाच्या त्या एका रात्रीला एक चांगले प्रकरण तरी मिळायला हवे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गडकोटांची रेलचेल नाही, म्हणून कादंबरीकार इकडे फिरकत नाहीत. पण १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल ॲडम्सने दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेचा मोड केला. ॲडम्स तेवढा इंग्रज. त्याच्या फौजेतले बहुतेक शिपाई देशीच होते. भर वैशाखाच्या तोंडावर, आमच्याकडच्या उन्हात, पळणारा आणि पाठलाग करणारा दोघेही तहानलेले असणार, आणि त्या दिवसांत नाल्यांना पाणी कुठले! एखाद्या डोहावर दोघे समोरासमोर आले, तर कोणी कोणावर आधी बंदूक रोखली आणि कोण आधी वाकून पाणी प्यायला, हे कोणीतरी लिहायला हवे.