गर्भगृह : प्रतीकाच्या दोन दिशा

कल्याणनजीकच्या अंबरनाथ येथील शिवालयात (शके ९८२, इ. स. १०६०) मंडपातून पायऱ्या उतरून गर्भगृहात जावे लागते. फ्रॉइडप्रणीत मनोविश्लेषणास या अवरोहणात मातेच्या उदराकडे परतण्याची दडपलेली वासना दिसेल. परंतु तो अर्थ ‘गर्भगृह’ या नावातच उघड आहे. भाषेने जे झाकलेच नाही, त्याच्या उलगड्याने प्रतीकाचा अर्थ संपला असे मानता येत नाही. पॉल रिकर यांनी १९६५ च्या फ्रॉइडविषयक ग्रंथात अर्थशोधाच्या दोन दिशा मानल्या आहेत : एक आदिम वासनेकडे मागे नेणारी, दुसरी भावी अर्थाकडे पुढे नेणारी. संस्कृत ‘गर्भ’ शब्दात त्या दोन्ही आहेत. गर्भ म्हणजे उदर, तसाच उदरातील जन्मोन्मुख जीवही. सबब, भाविकाचे उतरणे तेवढे पाहून त्याचे पुन्हा वर येणे वगळणारे विवेचन एकांगीच ठरते.