आपण जिंकलो की आम्ही?

फ्रेडरिक एक्स्लीचे ‘अ फॅन्स नोट्स’ (१९६८) मराठीत आणायचे झाले तर पहिली अडचण फुटबॉलच्या परिभाषेची येणार नाही, सर्वनामाची येईल. संघ जिंकला की फॅन जे म्हणतो, त्याला इंग्रजीत एकच शब्द पुरतो. मराठीला निवड करावी लागते: ‘आपण जिंकलो’ की ‘आम्ही जिंकलो’? ऐकणारा आत की बाहेर? गुजराती, तमिळ, तेलुगू वाचकांनाही हा पेच ओळखीचा असेल. माझ्या मते एक्स्लीचे सारे पुस्तक या दोन शब्दांमधल्या फटीत घडते.

संघ न्यूयॉर्क जायंट्स. घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेणाऱ्या टिम मॅराने तो १९२५ साली ५०० डॉलरला घेतला. ‘पोलो ग्राउंड्स’ हे जुने मैदान सोडून १९५६ मध्ये संघ यँकी स्टेडियममध्ये आला आणि त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात त्याने शिकागो बेअर्सना ४७-७ असे झोडपले. १९५८ ची अंतिम लढत जादा वेळेत बाल्टिमोरकडून २३-१७ अशी हरला, तरी टीव्हीने ती घरोघरी नेली. बचावफळीच्या नावाचा घोष यँकी स्टेडियममध्ये याच वर्षांत घुमू लागला. गुण मिळवणाऱ्यांचा नव्हे, अडवणाऱ्यांचा जयजयकार! घरच्या मैदानावरचे सामने तेव्हा शहरात टीव्हीवर दाखवत नसत, म्हणून तिकीट न मिळालेले न्यूयॉर्ककर गाडी काढून कनेक्टिकटमधल्या मोटेलांत जात आणि तिथे सामना पाहत. हा सगळा ‘आपण’चा इतिहास.

एक्स्लीचा निवेदक या गर्दीत बसतो, पण तिच्यातला होत नाही. त्याचेही नाव एक्स्लीच आहे. पुस्तक स्वतःला काल्पनिक आत्मकथा म्हणवते. कॅनडाच्या सीमेजवळच्या वॉटरटाउन या गावी, बारमध्ये जायंट्सचा सामना सुरू होण्याची वाट पाहताना त्याला हृदयविकाराचा झटका आल्यासारखे वाटते. तो दारूचा प्रताप असतो. तिथून तो मागे जातो: मनोरुग्णालयाच्या वाऱ्या, विजेचे झटके, सुटलेल्या नोकऱ्या, आईच्या घरातला सोफा. आणि वडील. वडील गावाचे फुटबॉल-वीर. लहानग्या मुलाला ते जायंट्सचे प्रशिक्षक स्टीव्ह ओवेन यांच्याकडे घेऊन जातात. पोरगा कणखर आहे का, असे ओवेन विचारतात, तेव्हा बाप सांगतो की इतक्यात काही म्हणता येत नाही. बाप क्रूर नाही, प्रामाणिक आहे. म्हणूनच ते उत्तर मुलाला आयुष्यभर पुरते.

बापाची रिकामी जागा फ्रँक गिफर्ड भरतो. दोघे एकाच काळात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात होते. तिथल्या बर्गरच्या दुकानात एक्स्ली त्याच्याकडे तुच्छतेने बघतो आणि तो साधे हसतो. १९५२ मध्ये गिफर्ड जायंट्सकडे आला. त्यानंतर चेंडू घेऊन धावणारा तो आणि बाकावरून ओरडणारा हा, यांच्यात एक गुप्त भागीदारी सुरू होते, जिची गिफर्डला वार्ताही नाही. इथे ‘आपण’ चालणार नाही. हे ‘आम्ही’ आहे: तो आणि मी, ऐकणारे तुम्ही बाहेर.

२० नोव्हेंबर १९६० रोजी फिलाडेल्फियाच्या चक बेडनारिकने गिफर्डला असे पाडले की तो मैदानातच निपचित पडला. पुढचा अख्खा हंगाम तो खेळला नाही. या प्रसंगानंतर निवेदक रस्त्यात अनोळखी माणसांशी मारामारी उकरून काढतो आणि मार खाताना त्याला उमगते की आपल्या वाट्याला टाळ्याच आल्या आहेत. तो ‘आम्ही’ तिथे फुटतो आणि नुसता ‘मी’ उरतो. ही पाने मी तीनदा वाचली, आणि तिन्ही वेळा मला त्याची दया आली नाही, भीती वाटली.

पुस्तकात दोष आहेत. स्त्रिया एक तर स्वप्नातल्या, नाही तर सोसणाऱ्या. आई तेवढी हाडामांसाची. मधली काही व्यक्तिचित्रे दारूच्या अड्ड्यावरच्या किश्शांसारखी लांबतात. स्वतःला शिव्या घालणे हीही एक ऐट असू शकते, हे एक्स्लीला नेहमी कळतेच असे नाही.

एक गोष्ट त्याला कळणे शक्यच नव्हते. एक्स्ली १९९२ मध्ये गेला. २०१५ मध्ये गिफर्ड वारला आणि काही महिन्यांनी कुटुंबीयांनी जाहीर केले की डोक्याला वारंवार बसणाऱ्या आघातांमुळे जडणारा मेंदूचा विकार त्याला होता. ज्या देहाचा निवेदकाला हेवा वाटे, तोही आतून झिजत होता. आज पुस्तक वाचताना विजेच्या झटक्यांची प्रकरणे आणि बेडनारिकचा तो धक्का शेजारी-शेजारी येऊन बसतात. भागीदारी होती तर, फक्त तिची अट दोघांनाही कुणी वाचून दाखवली नव्हती.

जायंट्स १९७६ पासून न्यू जर्सीत खेळतात; नाव अजून न्यूयॉर्कचेच. एक्स्लीने नंतर आणखी दोन पुस्तके लिहिली. त्यातले दुसरे मी अर्ध्यावर सोडले.