हिशोब बरोबर, पण माणूस कुठंय? : पहिली वॉक सायकल शिकताना

आजचा विषय वरवर पाहता छोटा आहे. अ‍ॅनिमेशन शिकायला लागलं की लवकरच एक काम हातात पडतं: वॉक सायकल, म्हणजे पात्राचं जागच्या जागी, पुन्हा पुन्हा फिरत राहणारं चालणं. हे चालणं 'नैसर्गिक' दिसावं अशी अपेक्षा असते. आता छत्रपती संभाजीनगरात बसून यावर बोलायचं, तर अजिंठा टाळता येत नाही. का ते सांगतो, पण आधी कामाचं बोलू.

सेकंदाला 24 फ्रेम धरल्या, तर साधारण चालीत एक पाऊल 12 फ्रेमचं असतं आणि दोन पावलांचं आवर्तन 24 चं. हा हिशोब रिचर्ड विल्यम्स यांच्या 2001 सालच्या 'द अ‍ॅनिमेटर्स सर्व्हायव्हल किट' या पुस्तकातून असंख्य विद्यार्थ्यांपर्यंत पोचला. पहिल्या फ्रेमला टाच टेकते. चौथ्या फ्रेमला भार पुढच्या पायावर येतो आणि शरीर खाली जातं. सातव्याला मागचा पाय उभ्या पायाशेजारून पुढे निघतो, दहाव्याला शरीर सर्वांत वर जातं आणि तेराव्याला दुसरी टाच टेकते. पंचविसावी फ्रेम पहिलीसारखीच असते, म्हणून फिरवताना 1 ते 24 एवढ्याच चालवायच्या. पंचविसावीही ठेवली, तर दर फेरीला एक बारीक अडखळ जाणवते.

नवशिक्यांची कामं आम्ही बघतो, तेव्हा हा हिशोब बऱ्याचदा बरोबर असतो. तरीही पात्र चालत नाही, तरंगतं! मग विद्यार्थी पाय सुधारायला बसतो. आमचं म्हणणं असं की, दोष बहुतेक वेळा पायात नसतो, तो कमरेत असतो. चालणं म्हणजे काय? शरीर पुढे पडू देणं आणि पडता पडता पायाने सावरणं. एक पाय उचलला की त्या बाजूची कंबर किंचित खाली झुकते, कारण तिच्याखालचा आधार गेला. तोल राखायला खांदे उलट दिशेला कलतात. हे काढलं नाही, तर पात्र दोरीला टांगल्यासारखं दिसतं. दुसरी गोष्ट, जमिनीवर टेकलेला पाय. जागच्या जागी चालताना तो दर फ्रेमला सारख्याच अंतराने मागे सरकला पाहिजे. अंतर कमीजास्त झालं की पाय फरशीवर घसरल्यासारखा वाटतो.

आता अजिंठा. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आपण शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. पुन्हा जाल तेव्हा चेहरा जरा बाजूला ठेवा आणि देहाचा कल बघा. कंबर एकीकडे झुकलेली, मान दुसरीकडे. ही स्थिर आकृती आहे, पण तिला वजन आहे. त्याच लेण्यात एका खांबावर चार हरणं कोरली आहेत, चौघांत मिळून डोकं एकच. ज्या हरणाकडे बघाल, त्याचंच ते वाटतं. याला 'प्राचीन अ‍ॅनिमेशन' म्हणायचा मोह होतो. आम्ही तसं म्हणणार नाही, तो उगाच अभिमान झाला. पण देह बदलत गेले तरी प्राणी तोच वाटला पाहिजे, ही अडचण त्या शिल्पकारापुढे होती आणि 24 चित्रं काढणाऱ्यापुढेही असते.

हरणावरून एका चित्रपटाकडे येऊ. 1956 मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला डिस्नेचे क्लेअर वीक्स आले. 'बँबी'वर काम केलेला माणूस. राम मोहन यांच्यासारखे कलावंत तिथे घडले. 1957 च्या 'द बनियन डियर'ची कथा जातकातली आणि रूप अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून घेतलेलं. ते काम मोठंच आहे, इथल्या अ‍ॅनिमेशनचा पाया त्या विभागात घातला गेला. पण आमच्या नजरेला तिथे एक फट दिसते. रेषा अजिंठ्याकडे बघते आणि हालचाल डिस्नेकडे. 'बँबी'च्या वेळी डिस्नेने स्टुडिओत खरी हरणं आणून ठेवली होती, कलाकारांनी ती बघून बघून काढली. म्हणजे उसनं घ्यायचंच होतं, तर घेण्यासारखी गोष्ट ते बघणं होती. चाल ही त्या बघण्यातून आलेलं उत्तर होती, आणि उत्तर उसनं घेतलं की प्रश्न आपला राहत नाही.

आज हीच फट आणखी रुंद झाली आहे. मिक्सामोसारख्या ठिकाणी तयार चाल मिळते, एका क्लिकवर पात्राला चिकटते. मग शिकायचं कशाला, असं मुलं विचारतात. प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं: तयार चाल आपल्या पात्राला शोभते की नाही, हे ओळखायलाही डोळा लागतो, आणि तो स्वतः काढल्याशिवाय तयार होत नाही. जाधववाडीच्या बाजारात पोतं वाहणारा हमाल बघा. त्याची पावलं आखूड पडतात, गुडघे वाकलेले राहतात आणि अंग फार वर-खाली होत नाही, कारण प्रत्येक हिसका त्यालाच सोसावा लागतो. टँकरवरून डोक्यावर हंडा नेणाऱ्या बाईचं डोकं जवळपास सरळ रेषेत जातं, हलते ती कंबर. सैल चपलेचा माणूस पाय पुरता उचलत नाही, बोटांनी चपल धरून ठेवतो. पुस्तकातल्या सर्वसाधारण चालीत ही माणसं नाहीत. ती आपण काढली नाहीत, तर दुसरं कोण काढणार आहे?

तर एक काम घेऊन जा. घरातल्या कुणाला तरी, आजीला म्हणा, विचारून, बाजूने चालताना मोबाइलवर टिपा. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवा आणि एक टाच टेकल्यापासून दुसरी टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजा. मोबाइल सेकंदाला 30 फ्रेम घेत असेल आणि मोजणी 15 आली, तर 24 च्या हिशोबात ते पाऊल 12 चं. आजीचं बहुधा जास्त भरेल, शिवाय डावं आणि उजवं सारखं नसेल. तो फरक पुसू नका. आधी फक्त कमरेची रेघ काढा, मग खांद्यांची, पाय सगळ्यात शेवटी. आणि झालेलं काम आधी आजीलाच दाखवा. 'अगंबाई, ही तर मीच!' असं ती म्हणाली, तर तुमची वॉक सायकल जमली.