शिफारशीचे मोल

एखाद्या पुस्तकाकडे आपण कसे वळलो, याचा शोध घेतला तर बहुधा कोणा जाणकार स्नेह्याच्या एका शब्दापाशी येऊन थांबावे लागते. त्या शब्दाला मोल येते ते त्या स्नेह्याच्या रसिकतेमुळे. परंतु त्याहूनही अधिक, त्या शिफारशीत त्याचा स्वतःचा काही लाभ नाही या आपल्या खात्रीमुळे. या खात्रीच्या पायावर सबंध संस्था उभारण्याचे प्रयोग अमेरिकेत या शतकाच्या आरंभी झाले. 2003 चे डिलिशस, 2004 चे डिग आणि 2005 चे रेडिट ही ती संकेतस्थळे. डिलिशसवर वाचकाने आपल्या वाचनखुणा सर्वांसाठी उघड्या ठेवाव्यात. डिग व रेडिट यांवर कोणीही दुवा मांडावा, सभासदांनी कौल द्यावा आणि अधिक कौलांचा दुवा पहिल्या पानावर चढावा. संपादकाच्या आसनावर वाचकसमाज बसला.

पहिल्या पानावरील दुव्याकडे हजारो वाचक लोटत. व्यापाऱ्याची दृष्टी तिकडे वळली नसती तरच नवल! जाहिरातीची जागा त्याला विकत घेता आली असती. परंतु त्याला हवी होती ती शिफारस, आणि ती उघडपणे विकत मिळत नव्हती. म्हणून ती बनविण्यात येऊ लागली. एकाच माणसाने अनेक नावे धारण करावीत, मंडळींनी ठरवून परस्परांना कौल द्यावेत, मोबदला घेऊन मते पुरवावीत, असे हे मार्ग. आरंभीच्या एका मताचेही बळ किती असते, हे 2013 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मुच्निक, आरल व टेलर यांच्या प्रयोगावरून दिसते. बातम्यांच्या एका संकेतस्थळावरील काही टिप्पण्यांना त्यांनी यदृच्छेने एकेक अनुकूल मत दिले. त्यांचे अंतिम गुणांकन सरासरीने 25 टक्क्यांनी वाढले. प्रतिकूल मताचा परिणाम मात्र पुढील वाचकांनी बहुतांशी पुसून टाकला. निंदेविषयी समाज सावध असतो. स्तुतीविषयी तो तितका सावध नसतो.

वाचकसमाजाने प्रतिकार केला नाही असे नव्हे. 2010 च्या ऑगस्टमध्ये डिगने प्रकाशनसंस्थांना आपले दुवे आपोआप मांडण्याची सोय दिली आणि सभासदांचा नापसंतीचा कौल काढून घेतला. तेव्हा संतप्त सभासदांनी डिगचे पहिले पान प्रतिस्पर्धी रेडिटच्या दुव्यांनी भरून टाकले. 2012 मध्ये डिग विकले गेले. रेडिटवर, दहा दुव्यांत स्वतःचा एखादाच असावा, असा संकेत एके काळी रूढ होता.

तथापि हा संकेत मोजमाप करतो, पारख करीत नाही. आपला प्रामाणिक लेख स्वतःच्या नावाने मांडणारा लेखक त्यात दोषी ठरतो, आणि नऊ निरुपद्रवी दुव्यांआड दहावा लपविणारा विक्रेता निर्दोष सुटतो. शिवाय पान रिकामे दिसू नये म्हणून आरंभी आपण व आपल्या सहकाऱ्याने अनेक बनावट नावांनी दुवे मांडले, हे रेडिटचे सहसंस्थापक स्टीव्ह हफमन यांनीच 2012 मध्ये सांगितले. ते दुवे चांगले असतीलही. परंतु अनेकांचे एकमत म्हणून वाचकाने जे पाहिले, ते दोघांचेच मत होते. म्हणून दोष स्वतःच्या कृतीकडे लक्ष वेधण्यात नाही, तिच्याशी असलेले आपले नाते लपविण्यात आहे, असे मला वाटते.

हा न्याय आपल्यालाही लागू आहे. स्नेह्याच्या ग्रंथावर परीक्षण लिहिणारा समीक्षक, गुरूच्या काव्यसंग्रहाला थोर ठरविणारा शिष्य, एकमेकांची नावे पारितोषिकांसाठी सुचविणारे सभासद, हे आपल्या परिचयाचे आहेत. स्नेह्याविषयी लिहूच नये असा नियम केला, तर आपल्यासारख्या लहान वर्तुळात लिहिणारे कोणी उरणार नाही. मात्र परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदात ते नाते सांगून टाकावे. मग स्तुतीतून किती वजा करावयाचे, ते वाचक स्वतः ठरवील. तेवढा हिशेब त्याच्या हाती देणे हे समीक्षकाचे कर्तव्यच होय.