बालसेविकेचे शिक्षण : विस्तार आणि संकोच

लहान मूल सांभाळणे ही शिकण्याची गोष्ट आहे, हा विचार समाजाच्या गळी उतरण्यास फार काळ लागला. शिवण, पाकक्रिया, रुग्णपरिचर्या यांचे वर्ग निघाले, त्यांना प्रमाणपत्रे मिळू लागली, तरी ‘मूल सांभाळायला कसले आले आहे शिक्षण?’ हा प्रश्न मागे उरलाच. तो नेहमी अज्ञानातून विचारला जात असे, असेही नाही. ज्या कामाला शिक्षण लागते त्या कामाला वेतनही त्या मानाने द्यावे लागते, ही जाणीव त्या प्रश्नाच्या बुडाशी पुष्कळदा असते. बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणाची जी वाढ गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत झाली, तिचा विचार शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांतून बहुधा पद्धतींचा इतिहास म्हणून केला जातो : प्रथम फ्रोबेल, मग माँटेसरी, मग त्यांची देशी रूपांतरे. या मांडणीत प्रशिक्षण घेणारी स्त्री दिसेनाशी होते. तिला किती काळ शिकविले, काय शिकविले आणि शिकल्यानंतर तिला कोणत्या नावाने हाक मारली, हे प्रश्न गौण ठरतात. वस्तुतः प्रशिक्षणाच्या परीक्षणात तेच प्रधान असावयास हवेत.

तुलनेसाठी एक परकीय उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. एमिली वॉर्ड या शिक्षिकेने १८९२ साली लंडन येथे नॉरलंड इन्स्टिट्यूटची स्थापना केली. फ्रोबेलच्या विचारांचा तिच्यावर संस्कार होता. संपन्न घरांतील मूल आपली पहिली वर्षे ज्या दाईच्या हाती घालविते, ती दाई मोलकरणींपैकीच एक असते, तिला बालमनाचा कसलाही परिचय नसतो. आणि त्याच वेळी मध्यमवर्गातील शिकलेल्या मुलींना प्रतिष्ठेने करता येण्याजोगे व्यवसाय फारसे नाहीत, हे तिने पाहिले. या दोन उणिवांचा मेळ घालून तिने एक नवा व्यवसाय निर्माण केला. मुलाला मारणे त्या संस्थेत आरंभापासून वर्ज्य होते. तेव्हा काही महिन्यांचा असलेला तो अभ्यासक्रम पुढे वाढत गेला. आज बाथ येथे असलेल्या याच संस्थेत विद्यार्थिनी तीन वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम पुरा करते आणि त्यानंतर एक वर्ष एखाद्या कुटुंबात प्रत्यक्ष काम करून आपली पात्रता सिद्ध करते. दाईचे काम पदवीपर्यंत पोचले. मात्र तिला नेमणारी घरे धनिकांचीच राहिली. या प्रतिष्ठेचा पाया मालकाच्या ऐपतीवर उभा आहे, ही त्या थोर प्रयोगाची मर्यादा नजरेआड करता येत नाही.

आपल्याकडील प्रवाह निराळ्या उगमातून निघाला. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. ताराबाई मोडक राजकोट येथील बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्यपदावरून १९२३ मध्ये तेथे आल्या. प्राचार्यपद सोडून बालमंदिरात येणे ही त्या काळच्या व्यवहारी दृष्टीला अधोगतीच वाटली असणार. परंतु अध्यापिका घडविणाऱ्या विद्यालयाचा अनुभव पाठीशी असल्यामुळे, बालमंदिरे वाढावयाची तर आधी बालशिक्षिका घडविल्या पाहिजेत, हे ताराबाईंना कोणी सांगावे लागले नाही. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला; ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत आणि पुढे मराठीतही निघू लागली; १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. या सर्व खटाटोपात अध्यापनाचे वर्ग बालमंदिराला लागूनच चालत. शिकणारी शिक्षिका आणि खेळणारे मूल यांच्यात एका भिंतीचेच अंतर असावे, हा त्यामागील दंडक होता.

१९३९ च्या अखेरीस मारिया माँटेसरी अड्यार येथे आल्या आणि त्यांच्या पहिल्या वर्गाला सुमारे तीनशे विद्यार्थी जमले. तो वर्ग अवघ्या तीन महिन्यांच्या आसपासचा होता, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. कारण प्रशिक्षणाचा काळ हेच त्याच्या गुणवत्तेचे एकमेव माप मानण्याचा मोह टाळला पाहिजे. तथापि त्या वर्गाला येणारी मंडळी बहुधा शिकलेली, पुष्कळशी शिक्षकच होती, आणि समोर साक्षात माँटेसरी होत्या. तीन महिन्यांना अर्थ आला तो या दोन गोष्टींमुळे. या दोन्ही गोष्टी वगळून केवळ अल्पमुदतीचे अनुकरण करणे म्हणजे देव टाकून मखराची पूजा करण्यासारखे आहे.

खरे वळण मिळाले ते बोर्डीला. डिसेंबर १९४५ मध्ये ताराबाईंनी समुद्रकाठच्या या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. मोरगावच्या, बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शहरातील बालमंदिराचा नमुना येथे चालेना. वस्तीतील मुले बालवाडीकडे फिरकत नाहीत असे दिसताच बालवाडीच वस्तीत नेण्यात आली. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवावयाची, त्यांना नाहूमाखू घालावयाचे आणि तेथेच खेळ, गाणी व गोष्टी. अंगणवाडी हा शब्द या व्यवहारातून जन्मला. माँटेसरीची महागडी साधने मागे पडली आणि शंख-शिंपले, खडे, बिया, पाने ही साधने झाली. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले आणि वारली मुलांमध्ये काम अधिक खोलवर रुजले. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मोठ्या मुली शाळेला मुकतात, हे ध्यानात घेऊन पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. जे. पी. नाईक यांच्यासारख्या शिक्षणतज्ज्ञाचे लक्ष या कामाकडे वेधले गेले, हे स्वाभाविकच होते.

विकासवाडीचे महत्त्व पाळणाघरामुळे आहे, हे येथे अधोरेखित केले पाहिजे. बालशिक्षणाच्या बहुतेक योजनांत शिकविणारी बाई आणि सांभाळणारी बाई या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. पहिलीला मान असतो, दुसरीला काम असते. कोसबाडने हा भेद मोडला. मुलाचे नाक पुसणे आणि त्याला गोष्ट सांगणे ही एकाच शिक्षणक्रियेची दोन अंगे आहेत, हा त्या टेकडीवरचा सिद्धांत होता. तो लेखांतून जितका मांडला गेला त्याहून अधिक दिनक्रमातून मांडला गेला. अनुताईंनी स्वतः पदवी घेतली ती वयाची पन्नाशी उलटल्यावर. तोवर कितीतरी शिक्षिका त्यांच्या हाताखाली तयार झाल्या होत्या. पदवी आणि विद्या यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही, याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

परंतु याच ठिकाणी एक अडचणीचा प्रश्न उपस्थित होतो. मे १९४५ मध्ये, म्हणजे बोर्डीचे केंद्र निघण्यापूर्वी काही महिनेच, डहाणू-उंबरगाव भागात गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा सुरू झाला होता. वेठबिगार आणि मजुरीचा दर हे त्याचे विषय होते. एकाच परिसरात, एकाच वर्षी, एकाच लोकांमध्ये दोन प्रयत्न सुरू झाले : एकाने मुलाच्या स्वच्छतेपासून आरंभ केला, दुसऱ्याने बापाच्या मजुरीपासून. दोहोंच्या मुळाशी ‘सेवा’ हाच शब्द होता, हेही लक्षणीय आहे. गोदावरीबाई पूर्वी भारत सेवक समाजातच होत्या. त्यांच्या मार्गात सेवेचे रूपांतर हक्काच्या भाषेत झाले. बालशिक्षणाच्या मार्गात ते झाले नाही. ताराबाई-अनुताईंना याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांनी स्वीकारलेले कार्य वेगळे होते आणि ते पेलण्यास एक जन्म अपुराच पडतो. पण त्यांच्या परंपरेत घडलेल्या शिक्षिकेच्या शब्दकोशात वेतन हा शब्द उशिरा आला, हे मान्य करावेच लागते.

‘सेविका’ या शब्दाचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. १९०५ चा भारत सेवक समाज, १९०९ चे पुण्याचे सेवासदन या संस्थांनी सेवा या शब्दाला महाराष्ट्रात मोठी उंची दिली. रमाबाई रानडे यांच्या सेवासदनात स्त्रिया शिक्षिका आणि परिचारिका होण्यासाठी शिकल्या. विधवेला आणि परित्यक्तेला स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा मार्ग या शब्दाने मोकळा केला. घराबाहेर पडणाऱ्या स्त्रीला ‘ही नोकरी करते’ असे म्हणण्यापेक्षा ‘ही सेवा करते’ असे म्हणणे समाजाला सोसवत होते. शब्दाने त्या काळी ढालीचे काम केले. तीच ढाल पुढे ओझे झाली. जी सेवा करते ती मोल कसे मागणार?

या शब्दाचा शासकीय प्रवास उद्बोधक आहे. १९४४ च्या सार्जंट अहवालाने पूर्वप्राथमिक शाळांत १० लाख मुलांची सोय व्हावी असे सुचविले होते आणि त्यांसाठी खास प्रशिक्षित स्त्री-शिक्षिका असाव्यात असे म्हटले होते. तेथे शब्द शिक्षिकेचा होता. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने पूर्वप्राथमिक शिक्षणाचे महत्त्व सांगितले, पण शाळा चालविण्याचा मुख्य भार खाजगी प्रयत्नांवर सोपविला. त्याच सुमारास भारतीय बालकल्याण परिषदेचा बालसेविका अभ्यासक्रम चालू होता. तो ११ महिन्यांचा होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. बोर्डीचा ‘अंगणवाडी’ हा शब्द तिने उचलला आणि देशभर नेला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य-तपासणी, संदर्भसेवा, आहार व आरोग्याचे शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एका स्त्रीच्या हाती आल्या. तिच्या नोकरीपूर्व प्रशिक्षणाचा काळ मात्र महिन्याच्या आसपास येऊन ठेपला. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. १० मे २०२३ रोजी ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम जाहीर झाला. त्यात सेविकेच्या प्रशिक्षणासाठी तीन दिवस ठरविण्यात आले.

नॉरलंडचा आलेख महिन्यांकडून वर्षांकडे गेला, आपला वर्षाकडून दिवसांकडे आला. हे वाक्य लिहिताना काही सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. एक संस्था आहे, दुसरे राष्ट्र आहे. एकीच्या विद्यार्थिनी मोजक्या, दुसरीच्या लक्षावधी. शिवाय तीन दिवसांचे प्रशिक्षण हे आधीच काम करणाऱ्या स्त्रियांचे आहे. इतके सर्व मान्य करूनही प्रश्न उरतोच. संख्येच्या विस्तारात शिक्षणाचा संकोच अटळ असतो का? प्राथमिक शिक्षकाच्या बाबतीत शासनाने तसे मानलेले नाही. तेथेही संख्या लक्षावधीच आहे, तरी पदविका लागते आणि वेतनश्रेणी मिळते. फरक संख्येचा नाही. सहा वर्षांच्या मुलाला शिकविणे हे ज्ञान आणि तीन वर्षांच्या मुलाला शिकविणे ही माया, अशी एक अलिखित वर्गवारी आपल्या व्यवस्थेने स्वीकारली आहे. माया शिकवावी लागत नाही आणि तिचा पगारही नसतो. तिला मानधन देतात.

मानधन हा शब्दही काळजीपूर्वक घडविलेला आहे. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राच्या दराने सेविकेला महिना ४,५०० रुपये आणि मदतनिसाला २,२५० रुपये ठरले. राज्ये त्यात आपली भर घालतात. या स्त्रिया शासकीय पदधारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील अमीरबी यांच्या प्रकरणात मानले होते. २५ एप्रिल २०२२ च्या मणिबेन भारिया प्रकरणातील निर्णयाने मात्र सेविका व मदतनीस या दोघींनाही उपदानाचा कायदा लागू होतो असे ठरविले. अन्नसुरक्षा कायद्याने व शिक्षणहक्क कायद्याने नेमून दिलेली कामे ज्या करतात, त्यांच्या कामाला केवळ स्वेच्छेची सेवा म्हणता येत नाही, अशी त्यामागील विचारसरणी दिसते. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविका संपावर गेल्या तेव्हा त्यांच्या मागण्यांत मानधनवाढीबरोबर याही दर्जाचा प्रश्न होता. १९४५ मध्ये वेगळे राहिलेले ते दोन प्रवाह अशा रीतीने फार उशिरा, आणि न्यायालयाच्या व रस्त्याच्या मार्गाने, एकत्र आले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांना सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका असा कार्यक्रम सुचविला आहे. काळाच्या दृष्टीने हे पाऊल पुढचे आहे. पण हे शिक्षण दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी यांच्या द्वारा, काम चालू असताना द्यावयाचे आहे. भावनगर-दादरच्या परंपरेत शिकणारीच्या डोळ्यांसमोर मूल असे आणि तिच्या शेजारी तिच्याहून जाणती शिक्षिका असे. येथे मूल आहे, पण जाणती शिक्षिका पडद्यात गेली आहे. मुलाने ठोकळा फेकला तर तो राग की प्रयोग, हे त्या क्षणी खांद्यावर हात ठेवून सांगणारे कोणी नसेल, तर प्रमाणपत्राचा कालावधी कितीही वाढविला तरी हाती येणारी विद्या पुस्तकीच राहण्याचा धोका आहे. विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांना येथे काम आहे. दर दहा-वीस अंगणवाड्यांमागे एक प्रयोगवाडी आणि तिच्यात एक अनुभवी अध्यापिका, असा प्रयोग खर्चाच्या दृष्टीनेही अशक्य कोटीतील नाही.

राहता राहिली मदतनीस. मुलांना घरून आणणारी, अंगणवाडी झाडणारी, खाऊ शिजविणारी आणि भरविणारी, ओले कपडे बदलणारी ही स्त्री म्हणजे एमिली वॉर्डच्या दाईची आपल्याकडील प्रत्यक्ष वारस होय. मूल दिवसभरात जितका वेळ सेविकेच्या सहवासात घालविते, तितकाच किंवा कांकणभर अधिक तिच्या सहवासात घालविते. सेविकेच्या नोंदवह्या वाढत गेल्या, आणि २०२१ पासून त्या नोंदी भ्रमणध्वनीवरही भराव्या लागू लागल्या, तसतसे मुलाशी बोलण्याचे कामही पुष्कळ ठिकाणी तिच्याकडेच सरकले आहे. विकासवाडीने पुसलेली शिकविणारी व सांभाळणारी यांच्यातील रेघ योजनेच्या रचनेतच पुन्हा ओढली गेली आहे, आणि रेघेच्या त्या बाजूला उभ्या असलेल्या या स्त्रीचे मानधन सेविकेच्या निम्मे आहे.