एका सुराचं यंत्र

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ साली मूग सिंथेसायझर आला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो बसवून दिला. त्या एका यंत्रावर आणि टेपवर तिथं झालेलं काम ‘द एनआयडी टेप्स’ या नावानं २०२३ मध्ये सर्वांसमोर आलं. त्यात गीता साराभाईंच्याही रचना आहेत. साराभाई हे आपल्याच जैन समाजातलं घर. गीताबेन पखवाज शिकलेल्या, १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवणाऱ्या.

सगळंच कानाला गोड लागतं असं मी म्हणणार नाही. काही तुकडे नुसते आजमावून पाहिल्यासारखे वाटतात. पण त्या मूगवर एका वेळी एकच सूर निघे. दुसरा हवा तर टेपवर थर चढवायचा. तंबोऱ्यापाशी एक सूर धरून बसणाऱ्यांना यात कसली अडचण? परिग्रहाला मर्यादा घालणं हे आपल्याकडे व्रतच आहे. साधनं थोडी असली की एकच सूर किती बाजूंनी न्याहाळता येतो, ते इथं ऐकू येतं.

मला खटकतं ते वेगळंच. या टेपा जवळजवळ पन्नास वर्षं संग्रहात पडून राहिल्या. साधनं कमी पडली म्हणून नव्हे, कुणाला ऐकवल्याच नाहीत म्हणून त्या आपल्यापर्यंत पोचल्या नाहीत.

आज आपल्या मुली मोबाइलवर ताल जुळवतात, स्तवनाला साथ तयार करतात, आणि ‘नीट झालं की ऐकवीन’ म्हणतात. अगं, कच्चं असलं तरी ऐकव. भिशीत ऐकव, मंदिरातल्या बायकांना ऐकव. नीट झालंय का, ते त्याही सांगतील की!